धोंडा हजर!

परवा नांदेडला माझ्या भाचीचं लग्न झालं. घास भरवायच्या वेळी बायकांनी उखाण्याचा हट्ट धरला. आमची भाची पुण्याला नोकरी करते. तिनं मेंदीच्या हातानं मोबाईल उचलला, त्याला नवऱ्याचं नाव सांगितलं, सासरचं गाव सांगितलं, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत उखाणा तयार! यमक जागच्या जागी, नवरा जागच्या जागी. तिनं तो बातम्या वाचाव्यात तसा खडाखडा वाचून दाखवला. मंडपात टाळ्या पडल्या. मी मात्र तोंडातली जिलबी तशीच धरून बसले, कारण मला एकदम बनसोडे सर आठवले.

सर तिथे असते तर त्यांनी आधी मोबाईलला नमस्कार केला असता, 'शाब्बास रे पठ्ठ्या' म्हटलं असतं, आणि मग हळूच एक प्रश्न विचारला असता. तो प्रश्न कुठला, हे सांगायचं तर थेट लातूरला जावं लागेल.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. उस्मानाबादच्या पदराखालून निघून वेगळी चूल मांडलेल्या सुनेसारखा सगळा थाट. ज्याच्या त्याच्या पाटीवर 'जिल्हा' आला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पानवाल्यानंसुद्धा 'जिल्हा पान सेंटर' असं रंगवून घेतलं. फक्त पावसाला कुणी कळवलं नव्हतं. तो आपला तालुक्याच्या हिशोबानंच यायचा, तोही आल्यासारखं करून परत जायचा. नळ कोरडे, आड कोरडे, गल्लीत टँकर. नांदेडला, गोदावरीच्या काठी वाढलेली मी. लातूरच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला म्हणून गेले आणि हातात घागर आली.

पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये पाऊल टाकलं, तर एक बुटका, रुंद कपाळाचा माणूस वर तोंड करून पंख्याशी बोलत होता. "दमला का रे? बस जरा. माझा तास होऊ दे, मग फिर." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "नमस्कार मॅडम. मी धोंडा. निलंग्याकडचा."

मला वाटलं, नव्या बाईची थट्टा चाललीय. मी भुवया चढवल्या.

"धोंडीराम बनसोडे. गणित शिकवतो," ते म्हणाले. "माझ्या आधीची भावंडं जगली न्हाईत. म्हणून आईनं असं नाव ठेवलं. मरण दारात आलं तर म्हणंल, हे काय न्यायचं, धोंडा हाय. मरण फसलं बघा. मास्तर लोक मात्र फसले न्हाईत. त्यांनी मला शेवटपर्यंत धोंडाच धरलं."

असं म्हणून स्वतःच खदाखदा हसले. वर्गात सर अगदी पुस्तकी मराठीत शिकवायचे, पण वर्गाच्या उंबऱ्याबाहेर पाय पडला की निलंग्याची बोली सुरू. यंत्रांशी तर ते कायम बोलीतच बोलायचे. "यंत्राला शिवी द्यायची न्हाई, मॅडम. ते ऐकायलंय." त्यांच्याकडे एक जुनी लुना होती. ती चढावर हटकून बंद पडायची. दुसरा कुणी असता तर लाथ घातली असती. सर उतरायचे, तिच्या सीटवर हात फिरवायचे, आणि 'बा, बा' असं कानडीत बोलवायचे. म्हणायचे, "मराठीत सांगून बघितलं, ऐकत न्हाई. आमच्या शिवेपलीकडची असंल." कधी कधी ती खरंच सुरू व्हायची. नाही झाली तर ते ढकलत घरी न्यायचे, आणि वाटेत भेटेल त्याला सांगायचे, आज तिची तब्येत बरी नाही म्हणून.

त्यांच्या शेजारच्या वर्गात तर्कशास्त्राच्या रत्नपारखी सरांचे तास असायचे. रत्नपारखी म्हणजे विद्वान माणूस, पण तपकिरीइतकाच राग नाकात. मुलानं उत्तर चुकवलं की गरजायचे, "धोंडा आहेस नुसता, धोंडा!" आणि त्या क्षणी, दोन वर्गांच्या मधल्या खिडकीत बनसोडे सरांचं डोकं उगवायचं. हातात खडू. "हजर!" अख्खा वर्ग फुटायचा. रत्नपारखी तपकिरीची डबी आपटून म्हणायचे, "तुम्हाला नाही म्हणालो हो!" त्यावर सर शांतपणे, "नाव माझंच घेतलं, सर. पोराचं नाव वेगळं हाय." एवढं बोलून डोकं आत. शिपायानं आवारात कुणाला 'ए धोंड्या' म्हटलं तरी वरच्या मजल्यावरून 'हजर' यायचं. गंमतच वाटायची सगळ्यांना. मलाही वाटायची.

मी त्यांच्याच शेजारची खोली भाड्यानं घेतली, आणि मग मला गयावहिनी कळल्या. गयावहिनी उमरीकडच्या. अंगानं किरकोळ, आवाजानं दांडग्या. सर जगात कुणाला भीत नव्हते. वहिनींना मात्र भ्यायचे, आणि ते कबूलही करायचे. त्या नवऱ्याचं नाव घेत नसत. त्या वेळच्या कितीतरी बायका घेत नसत, त्यात नवल नाही. पण वहिनींनी नावाबरोबर नावासारखा शब्दही वर्ज्य केला होता. धोंडा म्हणायचं नाही! आता बाई, मराठवाड्यात राहायचं आणि धोंडा म्हणायचं नाही म्हणजे कसं जमायचं? जमिनीत धोंडा, शेतात धोंडा, उत्तरात धोंडा. धोंड्याच्या महिन्याला ही बाई 'जावयाचा महिना' म्हणायची. आणि भांडण लागलं की पंचाईत. नवऱ्याला सगळ्या गल्लीसारखं त्या 'सर'च म्हणत, त्यामुळे शिवी द्यायची वेळ आली की धोंड्याच्या जागी नेमका तोच शब्द यायचा. एकदा दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं. त्या दुष्काळात पाणी आणलं कुठून, हेच मला कोडं. वहिनी दारात उभ्या राहून कडाडल्या, "पुन्यांदा असं केलंस तर उचलीन सर आन् घालीन तुज्या डोस्क्यात!"

दूधवाला घाबरून सरांकडे बघायला लागला. सर पेपर वाचत होते. म्हणाले, "भिऊ नको. तिला उचलायचं न्हाई मी."

टँकरच्या रांगेत तर कहर व्हायचा. टँकर कधी येईल याचा नेम नसे, म्हणून बायका सकाळीच आपापला धोंडा नंबराला ठेवून घरी कामाला जात. ओळखीचे धोंडे असत. कुणाचा चपटा, कुणाचा तांबूस. आणि कुणीतरी तो हळूच मागं सरकवायचंच. मग वहिनींचा आवाज गल्लीभर. "आमचे सर कुनी हलवले? सकाळी नळापाशी ठिवले हुते, आता गटारीत कसे गेले?" त्या गल्लीत नवीन राहायला आलेल्या एका बाईनं तर पोलिसात कळवायचं का म्हणून मला विचारलं होतं. दुष्काळात लेकरं अंगाला लिंबाचा पाला बांधून 'धोंडी' मागत यायची, दारोदार धोंडीच्या नावानं पाऊस मागायची, तेव्हा सगळ्या बायका त्यांच्याबरोबर म्हणायच्या. वहिनी तेवढ्या ओठ मिटून लेकरांच्या अंगावर तांब्याभर पाणी ओतायच्या.

वहिनी नुसतं नाव घेत नसत असं नाही. नाव घ्यायची हक्काची जागा म्हणजे उखाणा. त्या उखाणाही घेत नसत. त्याचं कारण त्यांनीच मला रांगेत सांगितलं. लग्नाच्या आधी आतेबहिणीनं त्यांना उखाणा पाठ करून दिला होता. आतेबहिणीचं लग्न आदल्याच वर्षी झालेलं. घास भरवायची वेळ आली, सगळा मांडव गप्प झाला, आणि पोरवयाच्या गयाबाईंनी पाठ केलेला उखाणा जसाच्या तसा म्हटला. आतेबहिणीच्या नवऱ्याच्या नावासकट. "माणिकरावांचं नाव घेते..."

"मग हो?" मी विचारलं.

"मग काय! मांडव कोसळायचा ऱ्हायला. सासू रडायली, माणिकराव पळाला. त्या दिसापास्नं मी नेम केला, मरंन पर उखाणा घेनार न्हाई."

सर मागं उभे होते. हसून म्हणाले, "माझ्या लग्नात माणिकरावांचा मान झाला, मॅडम. मी अजून वाट बघायलोय." हसत म्हणाले खरे, पण त्यांनी ते पुन्हा पुन्हा कुणाकुणाला सांगितलेलं मी ऐकलं आहे. माणसाला ज्याचं काही वाटत नाही ते तो इतक्यांदा सांगत नाही. सरांना आपलं नाव त्या तोंडून एकदा ऐकायचं होतं. आयुष्यभर लोकांनी ते शिवीसारखं उच्चारलं होतं ना!

अशात कॉलेजला कॉम्प्युटर आला. संस्थेचे सचिव अण्णा म्हणजे जिल्ह्याच्या अभिमानानं भारलेला माणूस. "जिल्हा झाला, मग कॉम्प्युटर नको?" एवढंच त्यांचं म्हणणं. त्याचं करायचं काय, हे कुणाला ठाऊक नव्हतं. टेम्पोतून खोका उतरला. त्याच्यासाठी खोली रंगवली, खिडक्या बंद करून थंड हवेचं यंत्र बसवलं, दाराशी चपला काढायची पाटी लावली. उद्घाटनाला अण्णांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी फरशीवर सांडलं तेव्हा पन्नास डोळे त्या पाण्यामागं गेले, कॉम्प्युटरकडे कुणी बघितलं नाही. आम्ही घामानं निथळत वर्गात शिकवायचो आणि ते यंत्र गारव्यात बसायचं. रत्नपारखी म्हणाले, "जावई आणलाय अण्णांनी."

गणिताचे म्हणून यंत्र बनसोडे सरांच्या हवाली झालं. औरंगाबादला जाऊन ते थोडं शिकून आले, आणि मग त्यांना खाण्यापिण्याची शुद्ध राहिली नाही. रोज सकाळी वरचं कापड काढताना "झोप झाली का?" वीज गेली की त्याला शिकवलेलं सगळं पुसलं जायचं, आणि वीज दिवसातून कितीदा जाते याचा हिशोब देवालाही नसेल. सर पुन्हा पहिल्यापासून शिकवायला बसायचे. मी म्हटलं, "सर, जे क्षणात सगळं विसरतं ते हुशार कसं?" तर म्हणाले, "मॅडम, तुमची परीक्षा दिलेली पोरं दुसऱ्या दिवशी काय लक्षात ठेवतात?"

ठिणगी पडली ती स्टाफरूममध्ये, चहा पिताना. सर सांगत होते की हे यंत्र एक दिवस विचार करील, कविता करील, आपल्याला सुचणार नाही ते त्याला सुचेल. रत्नपारखींनी तपकीर ओढली.

"बनसोडे, तुमचं यंत्र म्हणजे घोकणारा विद्यार्थी. नुसतं पाठ करतो. त्याला कळत काही नाही."

एरवी सर हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. कपबशी खाली ठेवली.

"सर, हे वाक्य माझ्या ओळखीचं हाय," ते म्हणाले. "आमच्या आळीतून साळंत जाणारा मी पहिला. दाराजवळ बसायचो. पाढे म्हणून दाखवले, तर मास्तर म्हणले, पाठ करतंय, कळत काही न्हाई. मॅट्रिकला गणितात वर आलो, तरी तेच. पाठ केलं असंल. मी किती वर्षं ऐकलंय हे! तुम्ही यंत्राला म्हणता, मला माझंच ऐकू येतं. आन् एक सांगू? ह्या यंत्राचं काळीज वाळूपासून करतात. म्हणजे आमच्याच जातीचं झालं. धोंड्याच्या."

मी चहात बघत बसले. खिडकीतून येणारं ते 'हजर' मला त्या क्षणी कळलं. रत्नपारखी मनानं वाईट नव्हते. त्यांचाही चेहरा उतरला. पण तर्कशास्त्राचा माणूस हार कशी मानणार? ते म्हणाले, "मग सिद्ध करा. तुमच्या यंत्रानं एक उखाणा करून दाखवावा. पाठ केलेला नको, नवा. आणि निवाडा गयावहिनींनी द्यायचा. त्यांनी 'हाव' म्हटलं तर जन्मात कुणाला धोंडा म्हणणार नाही. नाही म्हटलं तर तुम्ही फळ्यावर लिहायचं, पाठ करणाऱ्याला कळत नसतं. सगळ्या वर्गासमोर."

सर म्हणाले, "कबूल."

मग सुरू झाली ती शोधमोहीम. एक गणिताचा प्राध्यापक रोज टँकरच्या रांगेत उभा राहून बायकांना उखाणे विचारतोय, हे दृश्य लातूरला नवीन होतं. नायगावहून माहेरपणाला आलेल्या एका म्हातारीनं तर पदर सावरून विचारलं, "का रं बाबा, दुसरं लगीन करतूस का?" सर सगळ्या उखाण्यांचे मधून दोन तुकडे करायचे, पहिली ओळ वेगळी, दुसरी वेगळी, आणि यंत्राला शिकवायचे की शेवटची अक्षरं जुळली की जोड. नाव सगळीकडे एकच, त्यांचं. मराठी अक्षरं त्या यंत्राला येत नव्हती, म्हणून सगळा कारभार इंग्रजी लिपीत. ल आणि ळ एकच. मराठी शिकवणाऱ्या बाईचा जीव किती वरखाली होत असेल, विचार करा.

ठरल्या दिवशी दुपारी गल्लीतल्या बायका कॉम्प्युटरच्या खोलीत आल्या. बाहेर चपलांचा ढीग. आत पाऊल टाकताच एक म्हणाली, "आगं बाई, ह्ये तर म्हाबळेश्वर हाय!" आणि ऐसपैस मांडी घालून बसली, उखाणा होवो न होवो, ती संध्याकाळपर्यंत उठणार नव्हती. अण्णा खुर्चीवर. रत्नपारखी दाराशी. वहिनी पुढे, पाठ ताठ करून. सर घामाघूम, त्या खोलीत घाम आलेला तो पहिला माणूस.

सरांनी कळ दाबली. पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली. सरांनी वाचलं:

"वांग्याच्या भाजीला फोडणी दिली तिळाची,
धोंडीरामरावांचं नाव घेते, काळजी लागली किल्लीची."

बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या. "कुलूप लावून आलीस का गं?" वहिनींनी मान हलवली. न्हाई.

दुसरा उखाणा अण्णांनी वाचायचा हट्ट धरला. ते पुढे झाले, चष्मा लावला, आणि उद्घाटनाच्या आवाजात म्हणाले, "दारापुढे रांगोळी, रंग भरले सफल... धोंडीरामरावांचं नाव घेते, गळ्यात घातली मल."

"माळ, अण्णा, माळ!" मी ओरडले.

"इथं तर मल लिहिलंय," अण्णा म्हणाले. पुढचा थोडा वेळ हसण्याशिवाय काही ऐकूच आलं नाही. रत्नपारखींनी डोळे पुसले. सरांनी मात्र यंत्राच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "घाबरू नको. दम धर. आणखी एकदा." आणि कळ दाबली.

अक्षरं आली. सर वाचायला लागले आणि मधेच थांबले. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"कोरड्या आडात घागर गेली खोल खोल,
धोंडीरामरावांचं नाव घेते, तेवढीच ओल."

थंड हवेच्या यंत्राची घरघर तेवढी ऐकू येऊ लागली. पहिली ओळ त्या नायगावच्या म्हातारीची. 'तेवढीच ओल' हे एका भाडेकरू बाईचं. तिनं घरमालकाच्या पोपडे धरलेल्या भिंतीवर उखाणा केला होता. दोघींना एकमेकींचा पत्ता नव्हता. आणि आता ते एकत्र आले, त्या दुष्काळात, तर माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू?

"कुणी शिकवलं त्याला हे?" सर म्हणाले. "मी न्हाई शिकवलं. मॅडम, तुम्ही सांगा. कविता हाय का न्हाई?"

"आहे," मी म्हटलं. "कुणाची, ते मात्र मला विचारू नका."

"योगायोग," रत्नपारखी पुटपुटले, पण त्यांचाही आवाज खाली होता. सगळे वहिनींकडे बघायला लागले. सर तर एखाद्या पोरासारखे बघत होते. निकाल त्या बाईच्या एका शब्दावर होता.

वहिनींनी पडद्याकडे बघितलं.

"चांगला हाय," त्या म्हणाल्या. "मला न्हाई जमायचा असा. पर ह्ये नाव घेनं न्हाई."

"का?" सरांचा आवाज फाटला.

"नाव घ्यायचं म्हंजे आदी ते घशात आडकावं लागतं. ह्याचं कुटं आडकलं? घान बोलतानी आडकलं न्हाई, आन् तुमचं नाव घेतानी बी न्हाई. दोनी त्याला सारकंच. लाजच न्हाई मेल्याला!"

रत्नपारखी खुशीत पुढे आले. "म्हणजे ठरलं! पाठ करणाऱ्याला कळत—"

"थांबा भावजी!" वहिनी अशा कडाडल्या की रत्नपारखी जागच्या जागी उभे. "मांडवात म्या बी पाठच केलं हुतं. मला काय कळत नव्हतं? समदं कळत हुतं. लई कळत हुतं, म्हनूनच जीभ घसरली आन् त्यो माणिकराव भाईर पडला. पाठ करनाऱ्याला कळत न्हाई असं फळ्यावर कुनी लिवलं, तर मी यीन आन् पुशीन."

मग त्या नवऱ्याकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला.

"आन् तुमी. तुमी आन् ह्ये यंत्र येक न्हाई. उगं त्याची बाजू घेऊन सवताला लावून घेऊ नका. तुमाला मास्तर बोलला, ते तुमाला आजून लागतंय. इतकी वर्सं झाली, खिडकीतनं वरडता, लोक हसत्यात, मला कळत न्हाई का? त्याला म्हना बरं. म्हना, तू धोंडा! बघू लागतंय का त्याला!"

बायकांनी 'हा' करून तोंडावर हात धरले. शब्द गेला होता. एवढ्या वर्षांचा सांभाळलेला शब्द तोंडातून गेला, आणि तो कानावर पडल्यावरच वहिनींना कळलं. त्या लालबुंद झाल्या. उठल्या. वाटलं, आता पळतात. पण त्यांनी डोक्यावरून पदर घेतला, नजर फरशीला लावली, एकदा आवंढा गिळला, पुन्हा एकदा गिळला, आणि त्या दांडग्या आवाजाच्या बाईनं अगदी बारीक आवाजात म्हटलं:

"टँकर आला गल्लीत, धोंड्यांची लागली रांग,
धोंडीरामरावांचं नाव घेते, यंत्रा, तू पुढचं सांग!"

काय गलका झाला म्हणता! बायका टाळ्या पिटायला लागल्या. अण्णा खुर्चीतून उठले. मी सरांकडे बघितलं. नाव घेतल्यावर हटकून 'हजर' म्हणणारा माणूस तोंड उघडून उभा होता, आणि शब्द फुटत नव्हता. अडकला होता.

पडद्यावर हिरवी खूण तेवढी लुकलुकत होती. बायका यंत्राला म्हणायला लागल्या, "सांग की रे! सांग की!" तेवढ्यात वीज गेली. "हरलं, हरलं!" म्हणून खोली दणाणली. रत्नपारखींनी तपकिरीची डबी खिशात टाकली आणि म्हणाले, "वहिनी, आजपासून माझ्या वर्गात धोंडा नाही." हा शब्द त्यांनी पाळला, पुढे ते मुलांना 'अरे माणिकराव' म्हणायचे. सर सगळ्यात शेवटी निघाले. यंत्रावर कापड घालताना त्याला थोपटून म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नको. शिकू आपण."

आणि खरंच शिकवत राहिले. मला म्हणायचे, "मॅडम, ते हुशार होईल. आज न्हाई उद्या होईल, कविता बी करंल. त्यात मला शंका न्हाई. फक्त हे लाजेचं गणित मांडता यायलं न्हाई."

पुढे मला नांदेडलाच नोकरी मिळाली. बसस्टँडवर सर आणि वहिनी दोघंही पोचवायला आले. लुना रुसली होती, म्हणून चालत आले. मी खिडकीशी बसले. सरांनी माझी पाण्याची बाटली घेतली, "स्टँडच्या टाकीत आज पाणी हाय म्हणतात, भरून आणतो," म्हणून गेले आणि गर्दीत दिसेनासे झाले. तोवर कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. वहिनींनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. 'अहो' म्हणून हाक मारली. त्या स्टँडवर 'अहो' म्हटल्यावर वळणारे शंभर नवरे. 'सर' म्हणून मारली. दोन-चार मास्तर वळले, आमचे नाही.

मग त्यांनी कमरेला पदर खोचला आणि सगळ्या स्टँडवर घुमेल असा आवाज लावला.

"ओ धोंडीरामराव!"

हमाल थांबले. ऊस खाणारी पोरं थांबली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. आणि टाकीकडून, गर्दीच्या डोक्यांवर बाटली उंच धरून, पाणी सांडत, धापा टाकत, बनसोडे सर पळत आले.

"हजर!" ते ओरडले. "हजर! हजर!"

मी बाटली घेतली. सगळं स्टँड आपल्याकडे बघतंय हे वहिनींच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. खोचलेला पदर त्यांनी ओढून तोंडावर घेतला आणि पाठ फिरवली. कानाच्या पाळ्यासुद्धा लाल झाल्या होत्या. गाडी पुन्हा हलली, तशी सरांनी माझ्या खिडकीची दांडी धरली, चालत्या गाडीबरोबर चार पावलं पळाले, आणि वहिनींकडे बोट दाखवून मला विचारलं, "बघा मॅडम, हे! हे कसं घालायचं त्या यंत्रात?"

गाडी स्टँडच्या बाहेर पडली.